'कोंबडीले काय समजस?' असं सासरे म्हणतात, मावशी काय करू?

पत्र: मावशी, आम्ही चोपडा तालुक्यातले. मागच्या दिवाळीनंतर मिस्टरांनी एका बंद पडलेल्या पोल्ट्रीचे जुने पिंजरे घेतले आणि 60 बाय 20 च्या पत्र्याच्या शेडमध्ये अंड्यावरच्या 300 कोंबड्या टाकल्या. एक खण दीड फूट रुंद, सव्वा फूट खोल, त्यात चार कोंबड्या. आखाजीच्या आधी एका दुपारी 22 कोंबड्या मेल्या. उरलेल्यांच्या मानेची पिसं गेलीत, काहींच्या पाठीवर रक्त दिसतं, नखं वाढून जाळीत अडकतात, अंडी कागदासारखी पातळ येताय. एक कोंबडी रोज सकाळी अंडं द्यायच्या आधी तासभर जाळीतून डोकं आत-बाहेर करत राहते, मला बघवत नाही. सासरे म्हणतात कोंबडीले काय समजस. मिस्टर म्हणतात मोकळ्या सोडल्या तर रोग येईल, अंडी घाण होतील, पैसे बुडतील. माहेरी आईच्या गावरान कोंबड्या होत्या, त्यांना असं करताना मी कधीच बघितलं नाही. काय करू? – एक सूनबाई

उत्तर:

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि त्या सकाळच्या कोंबडीवर दोन्ही वेळा थांबले. तिच्याबद्दल सांगतेच, पण आधी ऊन, कारण नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, तोंडावर आलाय आणि ज्या उन्हाने 22 नेल्या ते अजून गेलेलं नाही.

कोंबडीच्या अंगातच 41 डिग्रीच्या आसपास गरमी असते आणि तिला घाम येत नाही. आपल्याकडे भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा 44-45 ला जातो, म्हणजे बाहेरची हवा तिच्या अंगापेक्षा गरम, मग अंगातली गरमी बाहेर टाकायला तिच्याकडे एकच रस्ता उरतो, चोच उघडून धापा टाकायच्या. उन्हाचा त्रास सुरू होतो तेव्हा पहिल्यांदा ती काय करते आठव, आईच्या कोंबड्या दुपारी निंबाखाली पंख अंगापासून लांब धरून बसायच्या ना? पंखाखाली पिसं कमी असतात, तिथून वारा लागतो. तुझ्या खणात चार जणी एकीला एक चिकटून, पंख लांब करायला जागाच नाही, वरून पत्रा तापलेला, खालून विष्ठेची वाफ. त्या नुसत्या उन्हाने नाही मेल्या बाई, जागेने मेल्या.

मी तुझ्या मापाचा हिशोब केला. दीड फूट गुणिले सव्वा फूट म्हणजे साधारण 1740 चौरस सेंटिमीटर, भागिले चार, एकीच्या वाट्याला 435. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-फोर कागद 624 चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे कागद सुद्धा मोठा. आपल्या केंद्र सरकारने अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी 2023 मध्ये नियम काढलेत, त्यात पिंजऱ्यात एकीला कमीत कमी 550 धरलेत. आता बघ, तुझ्याकडे 75 खण आहेत, प्रत्येकात तीनच ठेवल्या तर एकीला 580 च्या आसपास मिळतात. 75 गुणिले तीन 225, तुझ्याकडे राहिल्या 278, म्हणजे 53 बाहेर काढायच्या. एवढं आज रात्रीच होण्यासारखं आहे, त्याला एक रुपया लागत नाही. रात्रीच काढ, अंधारात कोंबडी शांत असते. आणि एक पाय धरून उलटी ओढू नका, दोन्ही हातांनी पंखासकट अंग धरून काढा, पिंजऱ्यातल्या कोंबडीची हाडं इतकी कच्ची झालेली असतात की ओढताना कट्कन मोडतात. मी हे माझ्या हाताने केलंय एकदा, तो आवाज अजून विसरले नाही.

बाकी उन्हाचं. पत्र्यावर चुन्याचा जाड हात मारा, त्यावर पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) नाहीतर केळीची वाळलेली पानं पसरा, दुपारी वरून पाणी मारत राहा (पऱ्हाट्या पेट घेतात, वायरिंग आधी तपासून घ्या). बाजूला गोणपाट लावून ओली ठेवा पण पूर्ण बंद करू नका, वारा थांबला की ओलावा आत कोंडतो आणि मग धापा टाकून पण उपयोग होत नाही. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी, तिथे पाण्याचं बारीक धुकं सोडणारा फॉगर चांगला चालतो, पण जूनमध्ये ढग आले की तोच फॉगर बंद करायचा, हे बरेच जण विसरतात. आणि पाणी! दुपारी दोन वाजता निपलखाली (कोंबड्यांच्या पाणी प्यायच्या तोटीखाली) स्वतःचं बोट धर. पाईप उन्हातून आलेला असेल तर पाणी चटका देईल, आणि गरम पाण्यापुढे कोंबडी तहानलेली राहील पण पिणार नाही. टाकी सावलीत घ्या, पाईपला गोणपाट गुंडाळा. खाणं पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी भर उन्हात पोटात गेलेलं अन्न पचताना अजून गरमी करतं.

पातळ अंड्याचं कारण पण इथेच आहे. धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि अंड्याचं कवच ज्या कार्बोनेटचं बनतं ते त्यातूनच येतं. त्यात उन्हाने खाणं कमी, म्हणून कॅल्शियम पण कमी जातं. कवच मुख्यतः रात्री बनतं, त्यामुळे शिंपल्याचा चुरा संध्याकाळच्या खाण्यात वाढव. पोटात कमी पडलं तर ती स्वतःच्या हाडातून काढून अंड्याला देते, हाडं कच्ची होतात त्याचं हे एक कारण, दुसरं म्हणजे चालणं नाही, उडी नाही, पंख मारणं नाही. वापरलं नाही तर हाड भरत नाही, आपलं पण तसंच असतं.

आता सासऱ्यांचा प्रश्न. समजस, भाऊ, समजस.

आदल्या दिवशी तिच्या पोटात बलक सुटतो तेव्हाच अंगात अशी काही चक्रं फिरतात की दुसऱ्या दिवशी अंडं यायच्या तासभर आधी तिला आडोसा शोधावाच लागतो. ते ती शिकत नाही, पोटातूनच येतं, तिच्या आजीने-पणजीने पिंजऱ्यात जन्म काढला असला तरी येतं. आईकडे कोंबडी कणगीच्या मागे जायची, जुन्या टोपलीत बसायची, गोल फिरून काड्या अंगाखाली ओढायची, मग एकदम गप्प. संशोधकांनी घरट्याच्या आड जड दार लावून बघितलंय, अंड्याची वेळ आली की कोंबडी ते दार ढकलून आत जाते. तुझी कोंबडी रोज सकाळी तेच दार शोधतेय, आणि तिथे नुसती तार आहे. तासभर शोधून शेवटी उभ्या-उभ्या सगळ्यांसमोर अंडं टाकते, उद्या परत तेच. मला विचारशील तर पिंजऱ्याचा सगळ्यात मोठा दोष हा, जागा कमी असणं त्याच्या नंतर येतं.

अजून एक बघ, ऊन तिरपं झालं की तारेवर एखादी कोंबडी खाली बसून अंग घासते, पिसं फुलवते, पायाने काहीतरी अंगावर उडवल्यासारखं करते, हे तुला दिसलं असेल. ती धुळीची अंघोळ करतेय, धूळ नसताना. मोकळ्या कोंबडीला जवळपास दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटं लोळायला लागतं, धुळीने पिसातलं जुनं तेल निघतं, उवा पडतात. तारेवर तीच सगळी हालचाल होते पण हाती काहीच लागत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करते.

मानेची पिसं आणि पाठीवरचं रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक समजू नको. गळ्याची पुढची बाजू उघडी पडली असेल तर ते खाण्यासाठी जाळीतून मान घालून-घालून घासलेलं आहे. पाठ, शेपटीचं मूळ आणि मागची बाजू उघडी असेल तर दुसरीने टोचलंय. कोंबडी चोचीने दिवसभर काहीतरी उकरायला-वेचायला बनलेली आहे, तिला जमीन नाही मिळाली तर शेजारणीचं पीस मिळतं. रक्त दिसलेली आजच वेगळी काढ, जखमेला हळद लाव, आणि जखम भरेपर्यंत परत टाकू नको, लाल दिसलं की सगळ्या तुटून पडतात. खणांवर थेट ऊन पडत असेल तर तिथे आडोसा कर, झगझगीत उजेडात टोचणं वाढतं. लसूण घासाच्या नाहीतर मेथीच्या जुड्या जाळीला बांध, चोचीला काम मिळू दे. नखं वाढली ती पण उकरायला जमीन नाही म्हणूनच, टोकाचं थोडंसंच काप, आतली रक्ताची शीर सोडून.

पण मिस्टर चुकीचं बोलताय असं मी म्हणणार नाही. पिंजरा आला तो उगाच नाही आला. कोंबडी विष्ठेवर उभी राहत नाही म्हणून जंत आणि रक्ती हगवण कमी, अंडं उतरत्या जाळीवरून घरंगळून बाहेर येतं म्हणून स्वच्छ, आणि मोजायला, लस द्यायला सोपं. ज्यांनी नुसतं दार उघडून कोंबड्या मोकळ्या सोडल्या आणि बाकी काही केलं नाही त्यांच्याकडे मी पिंजऱ्यापेक्षा वाईट हाल बघितलेत. ओलं लिटर (जमिनीवर अंथरलेला तूस-टरफलांचा थर), डोळ्यात झोंबणारा अमोनिया, एका कोपऱ्यात ढीग होऊन गुदमरलेल्या, मुंगसाने एका रात्रीत मारून टाकलेल्या. म्हणून पिंजरा का मोकळं यावर घरात भांडू नका. कोंबडीला दिवसभरात चार-पाच कामं करायची असतात, आडोशाला अंडं देणं, उकरणं, धुळीत लोळणं, रात्री उंचावर बसणं, तापलं की पंख पसरणं. शेडमध्ये प्रत्येक कामाची जागा आहे का, एवढंच बघायचं.

युरोपात पण वाद इथेच आला होता. ब्रिटनच्या सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्ये सांगितलं होतं की जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. स्वित्झर्लंडमध्ये असे पिंजरे 1992 पासून बंद आहेत, युरोपियन युनियनने 1999 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2012 पासून साधे पिंजरे तिथे चालत नाहीत. पिंजरा ठेवायचाच तर एकीला 750 चौरस सेंटिमीटर, आत घरटं, बसायला दांडी आणि उकरायला काहीतरी. नीट बघ, त्यांनी नुसती जागा वाढवून सोडून दिलं नाही.

आता तुझी शेड. 60 बाय 20 म्हणजे 1200 चौरस फूट. लिटरवर एका कोंबडीला साधारण दोन चौरस फूट धरतात, तुझ्याकडे 278 ला चारच्या वर पडतात. म्हणजे पिंजरे काढले तर आहे त्याच शेडमध्ये तुझ्या कोंबड्या आरामात मावतात, नवीन पत्रा, नवीन खांब काही नको. मिस्टरांना हे आकडे कागदावर लिहून दाखव.

तरी सगळ्या पिंजऱ्यातून एकदम काढू नको. ज्यांनी महिनोन्महिने तार बघितली त्यांना उडी मारणं माहीत नाही, हाडं पण तयार नाहीत. आत्ता त्या 53 साठी शेडच्या एका टोकाला जाळी लावून भाग कर आणि तिथे शिक, चुका त्या 53 वर होऊ दे पण लहान होऊ दे. ही बॅच दिवाळीच्या पुढेमागे संपेल, पुढची पहिल्यापासून लिटरवर आण. आणि पिल्लं किंवा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) घेताना त्या लिटरवर वाढलेल्या, लहानपणी दांडीवर बसायला शिकलेल्या आहेत का ते विचार. पहिल्या महिन्यातच दांडी मिळालेली कोंबडी पुढे घरट्यात सरळ चढते, जमिनीवर अंडी कमी टाकते.

दांडीचं माझ्याकडून ऐक कारण इथे मी चुकले होते. माझ्या पहिल्या शेडमध्ये मी बांबूच्या दांड्या एकावर एक सरळ पाच फुटापर्यंत बांधल्या, दिसायला छान, रात्री सगळ्या वरच्या दांडीवर. सकाळी खाली उड्या. तीन-चार महिन्यांनी एक कोंबडी हातात घेतली, छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवलं तर मध्येच खाच आणि गाठ. दुसरी घेतली, तिला पण. हाड मोडून तसंच जुळलेलं, आणि बाहेरून बघितलं तर खातेय-पितेय, अंडी देतेय. मोकळ्या शेडमध्ये ही फार मोठी अडचण आहे, जगभर आहे. तेव्हापासून मी दांड्या शिडीसारख्या तिरप्या लावते, पहिली फूट-सव्वा फुटावर, वरची तीन फुटाच्या वर नाही, खाली जाड लिटर. पिंजऱ्यातून काढलेल्यांना तर सुरुवातीला फक्त खालचीच दांडी. लाकूड दीड-दोन इंच रुंद, वरून सपाट, कडा गोल घासलेल्या, एकीला वीत-भर जागा. लोखंडी पाईप नको, घसरतो. आणि महिन्यातून एकदा दहा कोंबड्यांच्या छातीवर बोट फिरव.

घरटी चार-पाच कोंबड्यांमागे एक, फूट बाय फूट, उंची थोडी जास्त, शेडच्या सगळ्यात अंधाऱ्या आणि थंड बाजूला, दारावर गोणपाटाचा पडदा. अंडी सकाळी तीन-चार वेळा गोळा करायची, जमिनीवर पडलेलं अंडं तिथे ठेवायचं नाही, एकाला बघून दुसरी तिथेच टाकते. रात्री घरटी बंद, नाहीतर आत झोपून घाण करतात आणि मिस्टरांचं म्हणणं खरं ठरतं.

लिटरला भाताचं तूस किंवा शेंगांची टरफलं चार-सहा इंच, रोज हलवायचं. गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन वास घ्यायचा, उभं राहून अमोनिया कळत नाही. डोळ्यात झोंबलं तर तेवढा ओला भाग काढून चुना मिसळायचा. पाण्याच्या भांड्यांखालचं लिटर आधी ओलं होतं, लक्ष तिथे. एका कोपऱ्यात लाकडाचा चौकोन करून राख आणि कोरडी माती, बाकी त्या बघून घेतील.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम आहे का ते तू लिहिलं नाहीस. तशी नसेल तर सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट आत येतं, मग त्या बाजूला छपराची पडवी तीन-चार फूट पुढे काढा, आणि पावसाआधी तिथे शेवगा लावून द्या, लवकर वाढतो.

रोगाची भीती मात्र मनात ठेव, ती चांगली आहे. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरला निघाला होता, 2021 ला परत आला, लाखो कोंबड्या पुरल्या, ज्यांची घरं त्यावर चालत होती त्यांचे दिवस आम्ही बघितलेत. म्हणून मोकळं म्हणजे गावभर मोकळं नाही. शेडच्या आतच मोकळ्या, चारही बाजूंनी चिमणीसुद्धा शिरणार नाही अशी जाळी, खाली दीड फूट जाळी जमिनीत पुरलेली म्हणजे मुंगूस खणत नाही. दारात पाय बुडवायला औषधाचं पाणी, शेडची चप्पल वेगळी, दुसऱ्यांचे अंड्याचे ट्रे आत आणायचे नाहीत. मानमोडीची लस वेळेवर, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून.

पैशाचं खरं सांगते. मोकळ्या कोंबड्या खातात जास्त कारण फिरतात जास्त, मेहनत पण वाढते. पण 278 कोंबड्यांवर तू एनईसीसीच्या (अंड्यांचा भाव जाहीर करणाऱ्या समितीच्या) रोजच्या रेटने अंडी विकून लाखाच्या पोल्ट्रीशी टक्कर देऊ शकत नाहीस, पिंजऱ्यात ठेवून पण नाही. तुझं गिऱ्हाईक चोपड्याच्या आठवडी बाजारात आणि कॉलनीत आहे, जे शेड बघायला येईल आणि दोन रुपये जास्त देईल. फक्त एक कर, गावरान म्हणून विकू नको. तपकिरी कवच कोंबडीच्या जातीवरून येतं, ठेवण्यावरून नाही, आणि लोकांना हे आज ना उद्या कळतं. "लिटरवरच्या, मोकळ्या शेडमधल्या" एवढं खरं सांगितलंस तरी पुरतं.

सासऱ्यांशी वाद घालू नको. उद्या सकाळी त्यांना शेडमध्ये खुर्ची टाकून दे आणि त्या एका कोंबडीसमोर तासभर बसायला सांग.

आणि त्या 53 मध्ये सगळ्यात आधी तिलाच काढ. घरटी तयार व्हायला चार दिवस लागतील, तोवर कोपऱ्यात एक खोकं आडवं ठेव, तोंडाला गोणपाटाचा तुकडा, आत गव्हाचं भूस. पऱ्हाटीच्या काड्या टाकू नको, टोचतात.